दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू

गिलनं आणलेली बातमी चांगली होती, आणि तीच पंचाईत होती. वाईट बातमी सांगायची आमच्या पोर्तुगीज लोकांना सवय आहे. टोपी काढायची, आवाज खाली आणायचा आणि सांगून मोकळं व्हायचं. पण चांगल्या बातमीनं घरातल्याच कुणाच्या तरी काळजाला घरं पडणार असतील, तर ती कुठल्या आवाजात सांगायची हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून रविवारची चर्चमधली मिसा सुटून बराच वेळ झाला तरी गिल मेदेइरोस आईबापाच्या घरासमोर गाडीतच बसून होता. शेजारच्या सीटवर वकीलबाईंनी दिलेलं पाकीट होतं.

घर वाचेल, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. हे घर नव्हे; हे छोटं घर कधीच धोक्यात नव्हतं. धोक्यात होतं ते टेकडीवरचं तिमजली घर.

त्या घराची हकिकत थोडक्यात अशी. गिलचा बाप नॉर्बेर्तो हा नदीपलीकडच्या वीजकेंद्रात जन्मभर नळजोडणी करत आलेला माणूस. वीजकेंद्र बंद पडलं आणि त्याच्या निवृत्तीचा सगळा पैसा एका खात्यात येऊन पडला. शेअरबाजारावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. डोळ्यांना दिसत नाही त्यात मी पैसा घालणार नाही, म्हणायचा. मग आमच्या लोकांच्या क्लबात कुणी तरी त्याच्या कानावर घातलं, की निवृत्तीचं खातं स्वतः चालवता येतं आणि त्यातून घरसुद्धा विकत घेता येतं. घर खात्याच्या नावावर, भाडं खात्यात जमा, आणि म्हातारपणी त्यातूनच थोडं थोडं काढून खायचं. नॉर्बेर्तोला हे एकदम पटलं. घर दिसतं. घराला हात लावता येतो.

हात मात्र लावायचा नव्हता, तीच त्यातली मेख होती. खात्याच्या घरात मालकानं राहायचं नाही, मालकानं खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा नियम. नॉर्बेर्तोनं तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला. तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळायला लागला तेव्हा त्यानं पलीकडच्या गावातून प्लंबर बोलावला, आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर खिशात हात घालून उभा राहिला. त्या प्लंबरनं सांधा चुकीचा बसवला. नॉर्बेर्तोला ते रस्त्यापलीकडून, नुसत्या आवाजावरून कळलं. पण तो बोलला नाही. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही नीट.

असा हा माणूस. आणि मुलीचं, लूसीचं, लग्न मोडलं, तिला राहायला जागा हवी झाली, तेव्हा याच माणसानं दुसऱ्या मजल्याची किल्ली तिच्या हातात ठेवली. बाजारभावानं भाडं घेतलं, पावत्या दिल्या, सगळं चोख केलं. आपण नियम मोडतोय असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. नियम हातांचा होता ना? अमेरिकेतल्या आमच्या या फॉल रिव्हर गावात तिमजली घरं आहेत ती कशाला? खाली म्हातारी आत्या, वर भाडेकरू, आणि मधल्या मजल्यावर मुलगी. मधल्या मजल्यावर मुलगी नाही राहणार तर कोण राहणार? तो इतका सरळपणे चुकला की खातं सांभाळणाऱ्या कंपनीला ते कळायला तीन वर्षं लागली. भाडेकरूचं आणि खातेदाराचं आडनाव एकच कसं, तुमचं नातं काय, असं त्यांनी विचारलं. नॉर्बेर्तो तर लगेच ‘मुलगी’ असं लिहून टाकायला निघाला होता. गिलनंच त्याला थांबवलं, आणि वकीलबाई गाठल्या.

शेवटी गिलच्या आईनं, ओदेतनं, खिडकीचा पडदा सारून गाडीकडे पाहिलं तेव्हा गिल खाली उतरला.

स्वयंपाकघरात केलच्या पालेभाजीच्या सूपची वाफ भरली होती. ओदेतचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. पळी तिच्या हातात टिकत नाही. म्हणून झुल्मीरा तिच्या शेजारी उभी राहून शुरीस सॉसेजचे तुकडे करत होती आणि करता करता तोंडही चालवत होती. झुल्मीरा ही नॉर्बेर्तोची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टेकडीवरच्या घरात पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्यावर ती राहते, आणि आपण भावाकडे भाडं भरतो ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सगळ्यांच्या कानावर घालते.

“गाडीत काय जपमाळ ओढत बसला होतास?” तिनं गिलला विचारलं. “सूप गार होतंय.”

“फोनवर होतो, तिया,” गिल आत्याला म्हणाला.

“फोन तुझ्या खिशात होता. मी बघत होते.”

लूसी टेबलावर ताटं मांडत होती. तिनं गिलच्या हातातल्या पाकिटाकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा सुऱ्या सरळ करायला लागली. ती इस्पितळात दुभाषी आहे. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, आमची म्हातारी माणसं पोर्तुगीजमध्ये रडतात, आणि मध्ये लूसी बसते. कुणाच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय हे तिला शब्दांच्या आधी कळतं.

जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. नॉर्बेर्तोनं गोड पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून खाल्ला, मिशा पुसल्या, आणि म्हणाला, “हं. बोल.”

“घर वाचेल, पाई,” गिल बापाला म्हणाला. “खातंही वाचेल. दंड नाही, काही नाही.”

ओदेतनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. तिच्यासाठी त्या घराचा अर्थ साधा होता. पुढे चालता येईनासं झालं की दिवसा एक बाई ठेवावी लागेल, जिन्याला वर-खाली नेणारी विजेची खुर्ची बसवावी लागेल, आणि त्याचा पैसा त्या तीन मजल्यांतूनच यायचा होता. खातं मोडलं असतं तर सगळी रक्कम एकाच वर्षाची कमाई धरली गेली असती, आणि कर भरायला घरच विकावं लागलं असतं. मग तिला कुठल्या तरी सरकारी खाटेवर नेऊन टाकलं असतं. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण रात्री पडल्या पडल्या ती रोज हेच बघायची.

“मग तोंड का असं?” झुल्मीरानं विचारलं.

गिलनं पाण्याचा घोट घेतला. “कायद्यात एक शब्द आहे. ‘वंशज’. खातेदार, त्याची बायको, त्याचे आईबाप आणि त्याचे वंशज, यांच्याशी घराचा कसलाही व्यवहार करायचा नाही. राहणं हासुद्धा व्यवहारच. भाऊबहीण मात्र त्यात येत नाहीत.”

“म्हणजे मी येत नाही.”

“तू नाहीस, तिया. तू राहिलीस तरी हरकत नाही.”

“एका आईच्या पोटातून आलो आम्ही दोघं,” झुल्मीरा सगळ्यांकडे बघत म्हणाली, “आणि सरकार म्हणतंय मी परकी. बरं, परक्यासारखं भाडं तर हा घेतोच माझ्याकडून. हिशेब बरोबर लागला.”

एरवी यावर नॉर्बेर्तो काही तरी म्हणाला असता. आज तो गिलकडे वळला. “आणि लूसी?”

“लूसी वंशज आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.”

“हा काय प्रश्न झाला?”

“पाई, ती तुमच्या रक्ताची नाही. हे काही कुणापासून लपलेलं नाही.” गिलला लूसीकडे बघवेना, म्हणून तो मिठाच्या भांड्याकडे बघत बोलत होता. “कोर्टातून दत्तक घेतलं असेल तर ती वंशज. नसेल तर नाही. वकीलबाईंनी कोर्टात शोध घेतला. तिथं काहीच नाही.”

“नाही कसं? घेतलंय मी तिला.”

“कुठे घेतलंत?”

“कुठे म्हणजे?” नॉर्बेर्तो खरोखरच गोंधळला. “सगळ्यांच्या देखत घेतलंय. मुकुट आपल्या घरी होता त्या वर्षी.”

त्या वर्षीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आमच्याकडे वर्षाला एकेका घरी मुक्कामाला येतो. चिठ्ठी निघते, आणि ज्याच्या नावाची निघेल त्याचं घर आठवडाभर देऊळ होतं. रविवारी त्या घरची लेक मुकुट घेऊन मिरवणुकीतून चर्चला जाते आणि पाद्रीबाबा तो तिच्या डोक्यावर ठेवतात. नॉर्बेर्तोच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा लूसी सात वर्षांची होती. ओदेतचा पहिला नवरा, लूसीचा बाप, मायदेशी पिको बेटाच्या बाजूला मासे धरायला गेला तो परत आला नाही. ओदेत दोन वर्षांची पोर घेऊन अमेरिकेत आली, आणि नॉर्बेर्तोनं तिच्याशी लग्न केलं. मुकुटाच्या वेळी लोक कुजबुजले, की पोरगी त्या घरची नाही, ती कशी मुकुट नेणार? लोक कुजबुजले आणि झुल्मीरा मोठ्यानं बोलली. रक्ताची नाही ती, बेर्तो, रक्ताची नाही. त्यावर नॉर्बेर्तोनं अख्ख्या क्लबासमोर सांगितलं, की माझी मुलगी चालेल, नाही तर मुकुट आल्या पावली परत न्या. लूसी चालली. पाद्रीबाबांनी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला, आणि नॉर्बेर्तोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता ही तुझी.

नॉर्बेर्तोच्या लेखी काम तिथंच पुरं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यानं पोरीचं आडनाव मेदेइरोस लिहायला सांगितलं. त्या काळात बापानं सांगितलं की लिहायचे. आणखी कुठं जायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

“मी तुला विचारलं होतं,” ओदेत हळूच म्हणाली. “त्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. कागदपत्र झाले का, म्हणून. तू म्हणालास, सगळं झालं.”

“झालंच होतं की.”

ओदेतला त्याचा राग आला आणि राग कुठं ठेवावा हे कळेना. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोट्याला भांडता येतं. हा माणूस खोटं बोललाच नव्हता. पाद्रीबाबांवर त्याचा कोर्टापेक्षा जास्त विश्वास होता, एवढंच. आणि त्याच विश्वासापायी तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं.

“तर मग,” लूसी म्हणाली. आतापर्यंतचा तिचा हा पहिलाच शब्द. “माझं दत्तक झालेलंच नाही.”

“नाही,” गिल म्हणाला.

“शेहेचाळीस वर्षांची झाले मी. मला वाटत होतं कागद कपाटात असेल.”

“लूसी, ऐक. आपल्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. तेव्हा केलं असतं तर आज सगळंच गेलं असतं. आता पाईंनी एका कागदावर सही करायची, की तुला कधी दत्तक घेतलेलं नाही. उद्या मी तो पाठवून देतो. विषय संपला.”

“आणि घर तुला मिळालं,” ओदेत म्हणाली.

गिलचा चेहरा लाल झाला. “माई?”

“कागदावर ती याची मुलगी नाही म्हटल्यावर, आम्ही दोघं गेलो की याचं एकच मूल उरतं. तू.”

“मला नको आहे ते घर. तुझ्या औषधांसाठी धावतोय मी. सुट्टी काढून गेलो होतो वकीलबाईंकडे.”

“तुझ्या बायकोनं सांगितलं असेल जा म्हणून.”

“माई, बास,” लूसी म्हणाली. “त्यानं नसतं केलं तर कुणीच केलं नसतं. गिलला बोलू नकोस.”

गिलनं तिच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. कारण आईनं म्हटलं ते वकीलबाईंच्या खोलीत क्षणभर त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. त्यानं ते झटकून टाकलं होतं, पण आलं होतं हे खरं.

मग सगळ्यांना चकित केलं ते झुल्मीरानं. तिनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “सही करू नकोस, बेर्तो.”

“आता तू कुठून मध्येच?” गिल वैतागला. “तिया, तूच तर म्हणत होतीस जन्मभर. रक्ताची नाही, रक्ताची नाही.”

“म्हणत होते. अजूनही रक्ताची नाहीच. पण ते म्हणायचा हक्क माझा आहे. मी आत्या आहे, मी काहीही बोलेन. सरकारनं म्हणायचं काही कारण नाही.” ती जरा थांबली. दुसऱ्या मजल्यावरून लूसी रोज संध्याकाळी खाली येते, तिच्या पायांना मलम लावते आणि तिची बडबड ऐकून घेते, हे तिला सांगायचं होतं. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही. “मला काही समाधान नाही झालं हे ऐकून,” एवढंच ती म्हणाली. “मला वाटलं होतं होईल.”

“तिया, सही केली नाही तर माईचं काय होईल ते सांग.”

“ते तू सांग. तू शिकलेला आहेस.”

“मी सांगतेच,” लूसी म्हणाली. “माईला दोन वर्षांत स्वतःच्या हातानं जेवता येणार नाही. मी असे रोगी रोज बघते. त्यांच्या मुलांना मीच सांगते डॉक्टरांचं बोलणं. ज्यांच्याकडे पैसा असतो ते घरी राहतात. ज्यांच्याकडे नसतो त्यांचं काय होतं तेही मी बघते.” तिनं पाकिटाकडे हात केला. “दे इकडे. काय लिहिलंय बघू.”

गिलनं कागद दिला. तिनं तो एकदा वाचला. सरावानं वाचला, ओठ न हलवता.

“सही करा, पाई,” ती म्हणाली.

“काय लिहिलंय त्यात?”

गिलनं इंग्रजीत वाचून दाखवलं. नॉर्बेर्तो पन्नास वर्षं अमेरिकेत राहिला, दुकानात, कामावर, फुटबॉलच्या भांडणात त्याचं इंग्रजी अडत नाही. पण वकिली इंग्रजी आलं की त्याचा चेहरा कोरा होतो. त्यानं मान हलवली. “मला नीट सांग. आपल्या भाषेत सांग. न समजता मी कशावरही सही करत नाही.”

गिलनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो इथंच जन्मला. त्याला पोर्तुगीजमध्ये जेवायला मागता येतं, शिव्या देता येतात, आणि आजारी माणसाची चौकशी करता येते. असली वाक्यं त्याला येत नाहीत. त्यानं लूसीकडे पाहिलं. सगळ्यांनीच लूसीकडे पाहिलं, आणि आपण काय मागतोय हे लक्षात येऊन एकेकानं नजर वळवली.

“मी सांगते,” लूसी म्हणाली.

तिनं खुर्ची ओढली आणि नॉर्बेर्तोच्या बाजूला, जरा मागे बसली. इस्पितळात ती अशीच बसते. दुभाष्यानं समोर बसायचं नसतं. बोलणारा आणि ऐकणारा यांनी एकमेकांकडे बघायचं असतं. आणखी एक नियम आहे त्या कामाचा, तिला पहिल्याच दिवशी शिकवलेला. ‘तो म्हणतो’, ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. इतकी वर्षं ती इतरांच्या तोंडचं ‘मी’ बोलत आली होती. मला गाठ झाली आहे. मी तुमचं मूल वाचवू शकलो नाही. तो आवाज तिला येतो. तो तिचा नसतो आणि कुणाचाच नसतो.

त्या आवाजात तिनं सुरुवात केली.

“मी, नॉर्बेर्तो मेदेइरोस, सत्य म्हणून सांगतो, की दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू लुसीलिया ही माझी मुलगी नाही.”

ओदेत उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. कुणी बंद केलं नाही.

“माझ्यापासून तिचा जन्म झालेला नाही. मी तिला कोणत्याही न्यायालयातून दत्तक घेतलेलं नाही, आणि आजवर तसा अर्जही केलेला नाही. ती माझ्या पत्नीची, तिच्या पहिल्या पतीपासून झालेली मुलगी आहे. माझं आडनाव ती केवळ सोयीसाठी लावते.”

तिथं ती अडली. अर्ध्या श्वासाएवढीच. इस्पितळात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

“‘सोयीसाठी’ असंच आहे का?” नॉर्बेर्तोनं विचारलं.

“असंच आहे.”

“सोयीसाठी नाही लावत ती.”

“वकीलबाई म्हणाल्या तो शब्द हवाच,” गिल म्हणाला. “आणि पाई, पुढेही. घर खात्यात आहे तोवर दत्तक वगैरे काही करायचं नाही. मोठ्या माणसांनाही दत्तक घेता येतं म्हणे. पण घर आहे तोवर नाही.”

“म्हणजे मी मरेपर्यंत नाही,” नॉर्बेर्तो म्हणाला.

गिलनं खिशातून पेन काढलं.

तो कागदाकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते बाहेरून कळण्यासारखं नव्हतं, पण खरं सांगायचं तर फार काही चाललं नव्हतं. नळाच्या पाण्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. ओदेतची पाठ दिसत होती, आणि सिंकच्या कडेला टेकवूनही न थांबणारा तिचा हात. त्याला लूसी दिसत नव्हती, ती मागे बसली होती. त्याच्या कानाशी तिचा आवाज तेवढा होता. आवाज म्हणाला, “कागदच आहे, पाई. तुम्ही मला घेतलंत तेव्हा कागद नव्हता. आता कागदानं सोडलंत तर काय जातंय? माईसाठी करा. मी सांगतेय ना, करा.”

“तू सांगतेयस?”

“मी सांगतेय.”

त्यानं गिलकडे हात केला, पेन घेतलं, आणि सही केली. वीजकेंद्राच्या हजेरीवर करायचा तशी, मोठी, वळणदार, पूर्ण नावाची. मग पेन परत दिलं.

सगळं इतक्या लवकर झालं की लूसी अजून पुढचं बोलायच्या तयारीत होती. तिच्या मनात अजून कितीतरी मुद्दे होते. तिनं ते ओळीनं लावून ठेवले होते. ती तशीच बसून राहिली, तोंड किंचित उघडं.

झुल्मीरानं उठून नळ बंद केला. “गोड पाव कुणी नेणार आहे का बांधून?” तिनं विचारलं. कुणालाच नको होता, पण सगळ्यांनी घेतला.

निघताना आमच्याकडे आईबापाकडे आशीर्वाद मागतात. ‘बेंसा, पाई’ म्हणायचं, मान जराशी लववायची. पोर पन्नाशीचं झालं, डॉक्टर झालं, तुरुंगातून सुटून आलं, तरी मागतं. नाही मागितला तर तो विसरभोळेपणा समजत नाहीत.

गिल आधी निघाला. कागद पाकिटात, पाकीट कोटाच्या आत. “बेंसा, माई.” ओदेतनं त्याचा चेहरा थरथरत्या हातात धरला. मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस, एवढं ती त्याच्या कानात म्हणाली, आणि तो नुसता मानेनं हो म्हणाला. “बेंसा, पाई.”

“देव तुझं भलं करो, माझ्या पोरा.”

मग झुल्मीरा गुडघ्यांना दोष देत एकेक पायरी उतरून लूसीच्या गाडीकडे गेली. लूसीनं आईला जवळ घेतलं, तिच्याकडे आशीर्वाद मागितला, कोटाची बटणं लावली. नॉर्बेर्तो पोर्चवर उभा होता. ती त्याच्यासमोर आली.

“येते मी,” ती म्हणाली, आणि पायरी उतरली.

तिचं तिलाच कळलं नाही असं का झालं. शब्द तोंडात तयार होते. पण मघाशी ज्या आवाजात ‘माझी मुलगी नाही’ म्हटलं त्याच आवाजात लगेच ‘पाई’ म्हणायचं, तर तो आवाज कुणाचा? ती दुसऱ्या पायरीवर थांबली.

“काय झालं?” नॉर्बेर्तोनं विचारलं.

“काही नाही.” मग ती वळली. “मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल.”

“सही करा, असं तूच म्हणालीस.”

“मीच म्हणाले. अजूनही मला तेच बरोबर वाटतं. आत्ता पुन्हा विचारलंत तरी मी करा असंच म्हणेन.” तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा राग आला. “पण तुम्ही एकदा तरी तो कागद बाजूला सारायचा होतात, पाई. एकदा. मी पुन्हा समजावलं असतं. दहा वेळा समजावलं असतं. तुम्ही दहा वेळा नाही म्हणायचं होतंत आणि मग सही करायची होतीत. मला फार लागलं ते. इतकं लागेल असं मला वाटलं नव्हतं.”

नॉर्बेर्तोनं पोर्चच्या कठड्यावर हात टेकला. तो बोलणारा माणूस नाही. त्याच्या आयुष्यातली मोठी वाक्यं बोटांवर मोजण्यासारखी आहेत, आणि त्यातलं एक त्यानं मुकुटाच्या वर्षी उच्चारलं होतं.

“तू लहान होतीस तेव्हापासून,” तो म्हणाला, “तू काही मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं एकदा तरी झालंय का गं? मला ते येतच नाही. तू म्हणालीस करा. मी केलं.”

लूसीनं आठवून पाहिलं. नवी सायकल. नाचाचे बूट. त्याला अजिबात न आवडलेल्या मुलाशी लग्न. दुसऱ्या मजल्याची किल्ली. एकदाही झालं नव्हतं.

ती दोन पायऱ्या वर चढून आली. मान लववली.

“बेंसा, पाई.”

“देव तुझं भलं करो,” नॉर्बेर्तो म्हणाला, आणि थांबला. त्याची नजर रस्त्याकडे गेली. इतका वेळ समोरच गाडीत बसून राहिलेला गिल आता कुठं कोपऱ्यावर, लाल दिव्यापाशी पोचला होता. दिवा बदलला. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. झुल्मीरा लूसीच्या गाडीत बंद काचांआड होती, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तो पुढे झुकला, आणि कुणी ऐकू नये अशा बेतानं, तिच्या अगदी कानाशी म्हणाला, “माझ्या पोरी.”